रॅमनिर्णयसिंधू

पैठणहून काशीत आलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ लिहिला. कुठली एकादशी धरावी, सुतक किती दिवस पाळावे, याचा निकाल त्यात आहे. पहिलाच कॉम्प्युटर जोडून तो लगेच ओव्हरक्लॉक करायला निघालेल्या मुलाने रॅम कुठली घ्यावी, याचा मात्र नाही. काशीतल्या अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत, आमच्या घरी, ही उणीव गेल्या मे महिन्यात फार जाणवली. म्हणून हा प्रपंच. माझा अधिकार विचाराल तर एवढाच, की पैसे माझे होते आणि हौस पुतण्याची.

निर्णय पहिला : आधी परिणाम जाणावा. ओव्हरक्लॉक म्हणजे नेमून दिलेल्या वेगापुढे यंत्राला पळवणे. आमचा घाट ज्यांनी बांधला त्या अमृतराव पेशव्यांचे उदाहरण समोर ठेवावे. १८०२ साली हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकर जिंकले, दुसरा बाजीराव पळाला आणि पुण्याचा कारभार अमृतरावांच्या हाती आला. काही महिने चालला. मग इंग्रजांच्या वेलस्लीची फौज आली आणि सगळे पुन्हा मूळ सेटिंगवर गेले. अमृतरावांना सालीना सात लाखांची नेमणूक तरी मिळाली. तुम्हाला निळा पडदा मिळेल.

निर्णय दुसरा : पत्रिका. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नये.

निर्णय तिसरा : जोडी. इथे मी स्वतः चुकलो, तेव्हा सविस्तर लिहितो. ‘३२ जीबी’ असे चिठ्ठीवर होते. दुकानदाराने ३२ची एकच कांडी दिली, “पुढे वाढवता येईल” म्हणाला, मला ते संसारी माणसाचे बोलणे वाटले. पुतण्याने त्या कांडीकडे असे पाहिले, जणू दिवाळसणाला आलेल्या जावयासमोर मी रिकामी वाटी ठेवली असावी.

“काका, सोळा-सोळाच्या दोन हव्यात.”

“बेरीज तीच ना?”

बेरीज तीच, पंगत वेगळी. प्रोसेसर हा भुकेला माणूस. दोन कांड्या असल्या की दोन्ही वाटांनी वाढपी येतात. एक असली की एकच वाढपी, आणि दुसरी वाट मोकळी. दोन्ही कांड्या एकाच पाकिटातल्या घ्याव्यात. वेगवेगळ्या पाकिटांत नाव तेच असून आतली चिप निराळी निघू शकते. चार खाचा असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी भरावी, आणि मदरबोर्डचे पुस्तक एकदा तरी उघडावे. चारही भरून डौल दाखवू नये, वेग उतरतो. दुकानदाराने कांडी बदलून दिली. पण २०२५च्या अखेरीपासून एआयवाल्यांची डेटा सेंटरे मेमरीच्या चिपा ओढू लागली आणि रॅमचा भाव सोन्याकडे बघून चालू लागला. चार दिवसांत चढलेला फरक माझ्या अंगावर.

निर्णय चौथा : वेग आणि विलंब. पाकिटावर मोठ्या अक्षरात वेग असतो, ६०००. त्याखाली बारीक अक्षरात विलंबाचे ‘सीएल’ असते, ३० किंवा ४०. पोरे मोठे अक्षर वाचतात. सूत्र असे : सीएलला दोन हजारांनी गुणावे, वेगाने भागावे, उत्तर नॅनोसेकंदात. ६००० आणि ३० म्हणजे दहा. ६००० आणि ४० म्हणजे सव्वातेराच्या किंचित वर. आणि जुनी डीडीआर४, ३२०० आणि १६? तीही दहाच! पहिला घास ताटात पडायला दोघींना वेळ सारखाच. नवी फक्त पुढचे भराभर वाढते.

आमच्या आईचा सीएल फार मोठा आहे. चष्मा कपाळावर असताना ती तो देवघरात शोधते. पुतण्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारते. पण विष्णुसहस्रनाम एकदा सुरू झाले की एक अक्षर इकडचे तिकडे नाही. मध्ये टोकले तर मात्र पहिल्यापासून सुरुवात.

निर्णय पाचवा : रोषणाई. कांडीवरच्या दिव्यांनी स्मरणशक्ती वाढत नाही. उंच टोपीची कांडी वरच्या पंख्याला अडते. दिवेच हवेत तर देवदिवाळीला घाटावर यावे.

निर्णय सहावा : संकल्प. ६०००ची रॅम घेतली म्हणून ती ६०००वर धावत नाही. नुसती खोचली तर बहुधा ४८००वरच बसते. बायोसमध्ये जाऊन इंटेलकडे एक्सएमपी, एएमडीकडे एक्स्पो चालू करावे लागते. हा संकल्प न सोडता वर्षानुवर्षे पूजा करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानंतर डीडीआर५ पहिल्यांदा उठताना पडदा काही मिनिटे काळा राहतो. यंत्र तेव्हा आपल्या कांड्या तपासत असते. घाबरून बटण दाबू नये. मी दाबले. आधी एक यूपीएस घ्यावा, कारण मे महिन्यात इथे बिजली कधी गुल होईल सांगता येत नाही, आणि वीज गेली की रॅम सगळे विसरते.

निर्णय सातवा : परीक्षा. वेगापेक्षा हे मोठे. चुकीचे आठवणारी रॅम न आठवणारीपेक्षा वाईट. ती फाइल हळूच नासवते. याचे शास्त्र या गावाला जुने आहे. वेदपाठी क्रमाने म्हणतो, मग जटेत दोन शब्द सुलट, उलट, पुन्हा सुलट, घनात तीन. अक्षर गळायला जागाच राहत नाही. २०२५ साली अहिल्यानगरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने इथे शुक्ल यजुर्वेदाच्या सुमारे दोन हजार मंत्रांचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पुरे केले. आमचा पुतण्याही एकोणीसचाच. असो.

यंत्राचे पारायण म्हणजे मेमटेस्ट. रात्री लावावे, चार फेऱ्या होऊ द्याव्यात. एक जरी चूक निघाली तर वेग एक पायरी उतरवावा, इभ्रत जात नाही. यंत्र उठेचना तर सीमॉस पुसणे हे प्रायश्चित्त. आमच्याकडे दुसऱ्या फेरीत चूक निघाली, ५६००वर उतरलो. त्या रात्री आईने पडद्यावर पळणारे आकडे पाहिले आणि दार लोटून घेतले. “पाठ करतंय ते. आवाज नका करू.”

पहाटे शून्य चुका. पुतण्या झोपला. मी त्या यंत्रावर वीजबिल भरायला बसलो आणि पासवर्ड आठवेना. वही मिळेना. शेवटी आईनेच स्वयंपाकघरातून एकेक अक्षर सांगायला घेतले. मागे कधीतरी मी तो मोठ्याने म्हणत टाइप करत होतो, तेव्हा ती शेजारी मटार सोलत होती. मधला एक आकडा मी पुन्हा विचारला. तिने पहिल्यापासून सुरुवात केली.