बालवाडीतले रडे टिकवण्याचा खात्रीशीर मार्ग

जूनमध्ये बालवाडीच्या फाटकाशी फुटलेले रडे फार दिवस टिकत नाही. मोठ्यांनी लक्ष घातले नाही, तर बहुतेक मुले काही आठवड्यांत रुळतात आणि दप्तर टाकून घसरगुंडीकडे पळतात. हा हंगाम निदान दिवाळीपर्यंत लांबावा अशी ज्या घरांची इच्छा असेल, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

तयारीला मे महिन्यातच लागावे. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, की "थांब, शाळेत गेलास ना, की बाईच बघतील तुझ्याकडे" असे दिवसातून चारदा म्हणावे. त्यामुळे तोंडओळख होण्याआधीच बाई बागुलबुवाच्या पंगतीला जाऊन बसतात. मुलाला आधी एकदा नेऊन शाळा दाखवणे, वाळूत खेळू देणे असले प्रकार कटाक्षाने टाळावेत.

वयाचा नियमही मदतीला आहेच. महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण झाली की पुरते. म्हणजे जूनमध्ये रांगेतले एखादे मूल जेमतेम अडीच वर्षांचे असते आणि शेजारचे जवळजवळ साडेतीनचे. दोघांची तुलना ताबडतोब सुरू करावी: "तो बघ कसा शहाण्यासारखा बसलाय!"

पोशाख असा निवडावा की मुलाला एकट्याने काही उघडता येऊ नये. पँटला हुक, बुटांना नाड्या, डब्याला मोठ्यांनाही दात लावावे लागतील असे झाकण. घरी मूल "शू आली" म्हणते. त्याऐवजी त्याच्याकडून "मे आय गो टू द टॉयलेट, टीचर" घोकून घ्यावे. वाक्य पूर्ण होईपर्यंत काम झालेले असते. आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा मुठीत धरून कुणी जायला निघाले, तर तो दारातच काढून घ्यावा.

आता मुख्य विधी: निरोप. यात दोन घराणी आहेत. पहिले 'सटकी' घराणे. बाई फुगा दाखवतात, मूल तिकडे बघते आणि आई नाहीशी होते. नजर हटली की माणूस जाते, हा धडा मूल त्या दिवशी पक्का शिकते आणि दुसऱ्या दिवशी पदर सोडत नाही. दुसरे घराणे 'विलंबित'. इथे आई सात वेळा टाटा करते, आठव्यांदा परत येऊन नाक पुसते, मग खिडकीतून डोकावते. नुकते शांत झालेले मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. दोन्ही घराण्यांत "पाच मिनिटांत येते हं" ही थाप समान. "डबा खाल्ला, गाणी झाली, की मी येते" असे खरे सांगून, एक पापा घेऊन, पाठ फिरवून चालू लागणारी माणसे या शास्त्राची शत्रू होत.

परदेशातही असे शत्रू आहेत. जर्मनीत 'बर्लिन पद्धत' म्हणून एक रीत चालते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर खोलीतच, न लुडबुडता, बसून राहतात. चौथ्या दिवशी रीतसर सांगून काही मिनिटे बाहेर जातात. बाईंनी घेतल्यावर मूल शांत झाले तरच बाहेरचा वेळ वाढवतात. चौथा दिवस सोमवारी आला, तर ताटातूट पुढे ढकलतात. एवढा धीर आपल्याकडे कुणाला आहे? ऑफिसात पंचिंग असते. (हे मात्र विनोदाने म्हटलेले नाही. तीन दिवसांची रजा मिळणे हीच अनेक आयांची खरी अडचण आहे. आजी किंवा मावशी बसली तरी चालते.)

घरातला शत्रू तर थोरच. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी गावी बालवाडी सुरू केली. वस्तीतली मुले तिथे येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. मुलाने शाळेशी जुळवून घ्यावे, हा आपला सिद्धान्त यात साफ मोडतो.

शाळा सुटल्यावर शक्यतो उशिरा पोहोचावे. सगळी मुले गेल्यावर मावशींच्या मांडीवर एकटे उरलेले मूल उद्याच्या रड्याची हमी देते. रिक्षात बसताच विचारावे: "रडलास का? कुणी मारलं? ओरडल्या का बाई?" आज कोणते गाणे म्हटले, हे चुकूनही विचारू नये.

एवढे मात्र गंभीरपणे. महिना उलटूनही मूल रोज तितकेच रडत असेल, जेवण तुटले असेल, थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल, तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवावे आणि बाईंशी बोलावे. फाटकावर घाईत नव्हे. वेळ मागून, बसून. गरज वाटली तर मुलांच्या डॉक्टरांनाही विचारावे.