'अटॅच' बांधणाऱ्यांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

हदगाव व पंचक्रोशीतील जुन्या घराला दुसरे बाथरूम जोडू इच्छिणाऱ्या गृहस्थांसाठी हे नियम केले आहेत. एक न्हाणी आणि परसातला एक संडास एवढ्यावर ज्यांनी संसार केले, लेकींची लग्ने उरकली, पाहुणेरावळे सांभाळले, त्या सर्वांना ते लागू आहेत. ज्यांची मुले गावातच राहतात त्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल.

नियम १. गरज सिद्ध करणे.

घरात माणसे वाढली की दुसरे बाथरूम लागते, हा गैरसमज आहे. माणसे कमी झाली की ते लागते. आम्ही नऊ जण होतो तेव्हा एका न्हाणीत भागत होते. आता दोघे उरलो, तर पुरत नाही. कारण पुण्याहून चिरंजीवांचा फोन येतो, "बाबा, निदान एक अटॅच तरी करून घ्या." सूनबाईंनी याबाबत आजवर चकार शब्द काढलेला नाही, हे न्यायासाठी नोंदवून ठेवतो. मागणी त्या इसमाची आहे, जो बारावीपर्यंत अंगणातल्या शहाबादी फरशीवर, बंबातले पाणी घेऊन, गल्लीच्या साक्षीने आंघोळ करीत असे आणि डोळ्यांत साबण गेला की आजीच्या नावाने ओरडत असे.

नियम २. जागा.

नवे बाथरूम जुन्याच्या भिंतीला भिंत लावून बांधावे. पाणी आणणारा पाइप तिथेच असतो, नेणारा तिथेच असतो, सेप्टिक टँकही जवळ असतो. हे शास्त्र कोणीही पाळत नाही. अटॅच बेडरूमलाच लागते, बेडरूम रस्त्याच्या बाजूला असते आणि टँक परसात. शिवाय वास्तू पाहणारे एक गृहस्थ येऊन वायव्य दिशा सुचवून जातात. आमच्या वायव्येला शेजाऱ्यांची म्हैस आहे.

नियम ३. उतार.

बाकीचे सगळे नियम विसरलात तरी हा विसरू नये. संडासाचा पाइप चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरचा घ्यावा आणि त्याला ४० फुटांमागे १ फूट उतार द्यावा. अगदीच अडले तर ६० फुटांमागे १ फूट, त्याहून कमी नको. आता हिशेब करा. बेडरूमपासून टँक चाळीस फूट, म्हणजे पाइपाचे अलीकडचे टोक पलीकडच्यापेक्षा फूटभर वर हवे. नव्या इमारतीत बाथरूमपुरता स्लॅब आधीच खाली घेतात, त्यात पाइप लपून जातात. जुन्या घरात टँकचे तोंड कधीच ठरून गेलेले असते. ते खाली जात नाही, म्हणून बाथरूम वर जाते. आमच्या अटॅचला दोन पायऱ्या आहेत. कमोडवर बसले की झरोक्यातून बसस्टँडकडे जाणारा रस्ता दिसतो, आणि रस्त्यालाही आपण दिसतो.

मिस्त्री नुसत्या डोळ्याने उतार पाहू लागला, तर लेव्हलची नळी नम्रपणे त्याच्या हातात द्यावी. तो म्हणेल, "काका, टेन्शन घेऊ नका, पाणी आपली वाट काढतंच." खरे आहे. आमच्याकडे त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीतून काढली.

नियम ४. काळी.

आपली माती कापसाची आणि हळदीची, पाइपाची नव्हे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. तिच्यात पुरलेला पाइप दरवर्षी थोडा हलतो आणि जोड उघडतात. म्हणून चर रुंद खणावा, पाइपाच्या खाली, वर आणि बाजूंनी मुरूम किंवा वाळू भरावी. भिंतीतून पाइप नेताना भोक जरा मोठे ठेवावे, सिमेंटने गच्च डांबू नये. प्रत्येक वळणावर चेंबर हवे.

काळीत पाणी मुरत नाही. मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय शोषखड्ड्याचे नुसते डबके होते. हे शिकायला लांब जायला नको. शेजारच्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारे आणि डास घालवले आणि पुढे नांदेड जिल्ह्यात त्याची गावोगाव नक्कल झाली. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड. त्यात न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी सोडावे. संडासाचे टँकमध्येच जाऊ द्यावे. हा परिच्छेद विनोदी नाही. कापून मिस्त्रीला द्यावा.

नियम ५. व्हेंट पाइप.

छताच्या वरपर्यंत न्यावा, तोंडाला जाळी बसवावी. मिस्त्री म्हणेल, गरज नाही. आहे.

नियम ६. पाण्याचा दाब.

चिरंजीवांनी पुण्याहून ताटाएवढा शॉवर पाठवला. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो. आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम आठ फूट, म्हणजे पावकिलो. त्या शॉवरखाली उभे राहिले की कुठल्या भोकातून थेंब येणार याची वाट पाहावी लागते. टाकीखाली उंच ओटा बांधावा किंवा प्रेशर पंप बसवावा, तोही वीज असेल तेव्हाच चालतो. बादली-मग कायम ठेवावेत हे उत्तम.

आणि पाण्याची ऐट करू नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. शहर जवळपास चार लाखांचे, म्हणजे माणशी दीड लिटरही नाही. फ्लशच्या छोट्या बटणालासुद्धा तीन लिटर लागतात. तरीही फ्लशची टाकी दोन बटणांचीच घ्यावी आणि कोणते बटण कशासाठी, हे पाहुण्यांना न लाजता सांगावे.

नियम ७. गळतीची परीक्षा.

टाइल्स बसवण्याआधी ट्रॅपला बोळा मारून जमिनीवर पाणी तुंबवावे आणि दोन दिवस ठेवावे. मिस्त्री चहा पिऊन येईपर्यंत ठेवतो.

नियम ८. किरकोळ.

टाइल्सची एक पेटी जास्त घ्यावी. पाणी बंद करण्याचा कॉक हाताला येईल असा ठेवावा, कपाटामागे नको.

नियम ९. वापर.

ट्रॅपच्या वाकड्या नळीत दोन इंच पाणी थांबून राहते, म्हणून टँकचा वास घरात शिरत नाही. रोजचा वापर असला की ते आपोआप भरलेले राहते, नसला की आटते. हदगावचा उन्हाळा त्याला फार दिवस टिकू देत नाही. मग वास सुटतो, झुरळे वर येतात आणि आमची मंडळी म्हणतात, "बघा हो, आत काहीतरी मेलंय." मेलेले काही नसते. कोणी आलेले नसते, एवढेच.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा अटॅचमधली हळदीची पोती बाजूला सारावीत, नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतावे, कमोड एकदा फ्लश करावा. वर चमचाभर गोडेतेल सोडले तर पाणी सावकाश आटते. पोती दिवाळीच्या आदल्या दिवशी हलवावीत, ती तिथे होती हे सांगू नये.

हदगावच्या बाहेरगावी राहणाऱ्या सर्व चिरंजीवांना विनंती, दिवाळी सोडूनही अधूनमधून येत जा. येताना त्या शॉवरच्या कॉकचा वॉशर घेऊन या. त्या कंपनीचा इथे मिळत नाही, नांदेडलाही नाही.