आजन्म वैध

लेक आणि जावई नैरोबीत असतात. तीन वर्षं त्यांचं "या, या" आणि आमचं "बघू, बघू" चाललं होतं. शेवटी नातवानं फोनवर सांगितलं, "आजोबा, इथं बिबट्या आहे." त्याला कसं सांगू, की आमच्या राहुरीकडं उसात बिबट्या फुकट दिसतो, आणि आपण जायची गरज नाही, तोच बघायला येतो. पण नातवाच्या बिबट्याची गोष्टच वेगळी. तिकिटं काढली.

मग जावयांचा फोन. "बाबा, पिवळ्या तापाची लस घ्या. पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावर अडवतील."

"कोण, केनियावाले?"

"नाही, आपलेच. परत येताना."

म्हणजे भारतातून थेट जाणाऱ्या माणसाला केनिया या लशीचं काही विचारत नाही; आपलाच देश उंबऱ्यात उभं करून विचारणार, कुठं गेला होतात आणि येताना काय आणलंत. कारण मात्र रास्त आहे. पिवळ्या तापाचा विषाणू आपल्याकडं नाही. पण तो वाहून नेणारा एडिस डास, तोच तो डेंगीवाला, सावेडीत आमच्या कुंडीखालच्या ताटलीत सहकुटुंब राहतो. गाडी उभी, ड्रायव्हर बसलेला, फक्त सवारी यायची बाकी. म्हणून कार्ड नसलेल्याला सहा दिवस वेगळं ठेवतात.

हे ऐकून ही म्हणाली, "सहा दिवस आयतं जेवण? मग मला नको लस."

मला आमचा नगरचा भुईकोट किल्ला आठवला. १९४२ साली इंग्रजांनी नेहरूंना तिथं आणून कोंडलं, तर त्यांनी 'भारताचा शोध' लिहून काढला. सहा दिवसांत माझी फार तर अर्पणपत्रिका झाली असती, आणि तीही हिलाच.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते, म्हणजे आम्हाला पुणे गाठणं आलं. शिवाय एका बाटलीत बरेच डोस असतात आणि बाटली फोडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळं ठरलेल्या दिवशी माणसं जमवून देतात. थोडक्यात, पाथर्डीच्या काळी-पिवळीसारखं. सीट भरल्याशिवाय जीप हलत नाही.

त्याआधी आमचे नेहमीचे डॉक्टर. ही लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. साठीनंतर पहिल्यांदा घेताना क्वचित होणाऱ्या गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते, म्हणून तपासून घ्यायचं. डॉक्टरांनी मला विचारलं, "काही आजार?" उत्तर हिनं दिलं. बीपी, गुडघा, हट्टीपणा, घोरणं.

"घोरणं आजारात धरत नाहीत, वहिनी."

"एक रात्र आमच्या घरी राहा, मग बोला."

खरं सांगतो, सुईला मी भितो. आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या गोल खुणा आहेत. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावात देवी टोचणारा आला की आई पोरांना शोधायची आणि आजी लपवायची. तो माणूस फिरकीसारखी टोचणी दंडावर टेकवून गरकन फिरवायचा. एकदा मी बाजरीच्या कणगीत तासभर बसलो होतो. शिंक आली म्हणून सापडलो. १९७५ साली देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला, १९८० साली ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माझ्या कणगीचा त्यात काही वाटा नाही.

पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि बाजू बदलली. पोलिओच्या रविवारी बूथवर बसून पोरांच्या करंगळ्या रंगवल्या. शाळेत टोचायला आले की पळणारी पोरं दारात अडवायचं काम माझ्याकडं. "मुंगी चावल्यासारखं वाटतं" हे वाक्य मी तीस वर्षं म्हटलं, एकदाही खात्री न करता.

पुण्यात आमचा नंबर आला. सिस्टर विचारत होत्या, "ताप? ॲलर्जी? अंडं चालतं का?"

ही ताडकन उठली. "माळकरी आहोत आम्ही!"

सिस्टरनी समजावलं, खाण्याचं नाही, अंड्याची ॲलर्जी आहे का, असं विचारायचंय. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. नको ते सांगितलं. मी घाईघाईनं मध्ये पडलो. म्हटलं, अगं, ही लस तयार करणाऱ्या मॅक्स थायलरना १९५१ साली नोबेल मिळालंय. हिच्या चेहऱ्यावर नोबेलचा काही परिणाम दिसला नाही. पाठीमागं रांग थांबलेली, बाटली फोडलेली. गळ्यातल्या माळेवर हात ठेवून हिनं विचारलं, "पोटात जात नाही ना?"

"नाही, आई. दंडात."

"मग द्या. नातवापायी पांडुरंग एवढं चालवून घेईल." आणि माझ्याकडं वळून, "आज एकादशी नाही, हे तुमचं नशीब."

मग मी. गोष्टींमध्ये असते तशी ती सिस्टर माझी जुनी विद्यार्थिनी निघाली नाही. बाही वर केली. ती म्हणाली, "आजोबा, मुंगी चावल्यासारखं..."

"कुठली? लाल की काळी?"

उत्तर मिळायच्या आत झालं होतं. काळी होती. तीस वर्षं मी खरंच बोलत होतो तर.

हातात छोटं पिवळं पुस्तक आलं. दहा दिवसांनी लागू होणार. आणि पुढं लिहिलं होतं, आजन्म वैध. पूर्वी या लशीला दहा वर्षांची मुदत असायची, २०१६ पासून ती काढून टाकली. मी भारावलो. निवृत्तीनंतर सरकारनं माझ्यावर एवढा विश्वास कधी टाकला नव्हता. पेन्शनीला तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो; एका वर्षापलीकडं आमच्या जगण्याची हमी कोणी धरत नाही.

नोव्हेंबरच चालू होता. पुण्याहून परत आल्यावर बँकेत गेलो. नेहमीची रांग, नेहमीचे खोकले. काउंटरवरच्या पोरापुढं, उगाच गंमत म्हणून, पिवळं पुस्तक सरकवलं. "हे चालेल का? आजन्म आहे."

त्यानं पानं उलटून नीट पाहिली. माझ्याकडं पाहिलं. पुन्हा पुस्तकाकडं पाहिलं.

"काका, पण यात तुम्ही जिवंत आहात असं कुठं लिहिलंय?"