पंखापायी अडलेली गाडी

मिशिगनमध्ये राहून स्पोर्ट्स कार घेणं हाच मुळात वादाचा विषय आहे. नोव्हेंबर ते मार्च इथले रस्ते मिठाने पांढरे असतात. मिठाला तोटा नाही. डेट्रॉइट शहराखाली हजारभर फुटांवर मिठाची खाणच आहे. त्यात अशा गाडीला जे उन्हाळी टायर येतात, त्यांचं रबर उणे सात अंशांच्या आसपास तडकू शकतं. तेव्हा कडाक्याच्या थंडीत गाडी जागची हलवूसुद्धा नका, असं टायर बनवणारेच बजावतात. म्हणजे वर्षातले पाच महिने ती गॅरेजमध्ये पांघरूण घालून, बॅटरी चार्जरला जोडून निजवायची. उरलेल्या सात महिन्यांत रस्त्यांची दुरुस्ती चालते.

हे सगळं माहीत असून मी ऑर्डर दिली. संक्रांतीच्या सुमाराला दिली, आणि गाडी उन्हाळ्यात येणार होती. कुठल्या, हे कागदावर नव्हतं. तो उन्हाळा गेला, दुसराही सरत आलाय, आणि घरात एकच प्रश्न आहे : ऑर्डर ठेवायची की रद्द करायची?

कंपनीचं नाव सांगत नाही. डीलरचं तर मुळीच नाही. माझा नंबर त्याच्या हातात आहे.

शोरूममध्ये उभी असलेली गाडी घेणं वेगळं आणि कारखान्याला सांगून बनवून घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात सगळं आपण ठरवायचं असतं. बाहेरचा रंग, आतल्या चामड्याचा रंग, चामडं शिवलेल्या दोऱ्याचा रंग, चाकाआडून डोकावणाऱ्या ब्रेक कॅलिपरचा रंग. सीटबेल्टचा रंग ठरवायला मी जेवढा वेळ लावला, तेवढा आमचं लग्न ठरवताना दोन्ही घरांनी मिळून लावला नव्हता, असं सौ.चं म्हणणं आहे. हे सगळं भरून, परत मिळणारे एक हजार डॉलर डिपॉझिट ठेवून आपण घरी यायचं. पुढे डीलरला कारखान्याकडून कोटा मिळतो, त्याला अलोकेशन म्हणतात. अलोकेशन लागलं की ऑर्डर कारखान्यात जाते, बांधणीचा आठवडा ठरतो, गाडीला व्हिन नंबर मिळतो. माझी ऑर्डर अलोकेशनपर्यंत दिमाखात गेली आणि तिथे तिला एक शेरा चिकटला : कन्स्ट्रेंट.

म्हणजे गाडी तयार करता येईल, पण मी मागितलेली एक वस्तू कारखान्यात नाही. ती वस्तू म्हणजे गाडीच्या पाठीवरचा कार्बन फायबरचा पंख.

कंपनीचा ईमेल आला : "आम्ही परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत आणि आमच्या पुरवठादारांबरोबर अहोरात्र काम करत आहोत." हे वाचून दुसऱ्या कुणाला धीर आला असता. माझी पंचाईत अशी, की मी स्वतः एका पुरवठादार कंपनीत नोकरीला आहे. आम्ही सीटखाली बसणारे लोखंडी ब्रॅकेट बनवतो, आणि उशीर का होतोय हे मोठ्या कंपन्यांना सभ्य भाषेत कळवणं हे माझं काम. हे वाक्य मीच लिहितो. 'अहोरात्र' मी शक्यतो शुक्रवारी दुपारी घालतो.

रांगेचं मला वावडं नाही. आमच्या सांगलीच्या घरात वाट पाहण्याची परंपरा आहे. मी दुसरीत असताना अण्णांनी स्कूटर नोंदवली, ती मला दहावीच्या परीक्षेला सोडायला आली. रंग विचारायची पद्धत नव्हती. येईल तो आपला. कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या हे तेव्हा दिल्ली ठरवायची. नंबर लागलेली स्कूटर दुकानाच्या दारातच विकून वर 'ऑन' कमावणारे होते. आणि ज्यांचं कुणी परदेशात होतं, ते परकीय चलन भरून सरळ पुढे जात. शेजारच्या वकिलांच्या मेहुण्याने डॉलर पाठवले आणि त्यांच्या अंगणात स्कूटर उभी राहिली. अण्णांनी ती गॅलरीतून पाहिली, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "शीक, अमेरिकेला जा. डॉलर असले की रांग नसते." मी शिकलो, अमेरिकेला आलो, डॉलर भरले आणि रांगेत उभा आहे.

माझ्या बाजूने इतिहासही आहे. इंग्लंडात माल्व्हर्नला मॉर्गन कंपनी अजून लाकडी सांगाडा वापरून हाताने गाड्या बनवते. १९९० साली बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी सर जॉन हार्वी-जोन्स हे उद्योगातलं बडं प्रस्थ तिथे गेलं, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी पाहून हबकलं आणि उत्पादन वाढवा म्हणालं. मॉर्गन मंडळींनी सल्ला मानला नाही, आणि कंपनी बुडालीही नाही. टेस्लाची नवी रोडस्टर २०१७ च्या नोव्हेंबरात दाखवली, २०२० साली देऊ म्हणाले. २०२० येऊन गेलं, रोडस्टर आली नाही. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तर फेलिसिटी एस नावाचं जहाज अझोर्स बेटांजवळ पेटलं, सुमारे चार हजार गाड्या पोटात घेऊन बुडालं. पोर्श, बेंटली, लॅम्बोर्गिनी, सगळ्या तळाला. लॅम्बोर्गिनीला एका मॉडेलचं बंद केलेलं उत्पादन बुडालेल्या गाड्यांसाठी पुन्हा सुरू करावं लागलं. ही हकिगत मी सौ.ला मुद्दाम सांगितली. लोकांचं काय काय होतं, आपलं तर काहीच नाही, या अर्थाने.

"त्यांच्या निदान बनल्या तरी होत्या," ती म्हणाली.

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासूनची प्रथा आहे. जुन्या-नव्या देखण्या गाड्या मैलोन्‌मैल संथ फिरतात आणि लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून त्यांना हात हलवतात. माझ्या कल्पनेतला पहिला हात याच रस्त्यावर हलणार होता. यंदा मी मिनिव्हॅन घेऊन गेलो. एका पोलिसाने हात हलवला, पण तो बाजूला घ्या म्हणून होता. मंडळाच्या गणपतीत तर मी आरतीला मागच्या रांगेत उभा राहू लागलोय. गेल्या वर्षी लोक "कधी येणार?" विचारत. यंदा "बुक केली होती ना खरंच?" असं विचारतात.

आता हिशेब. रद्द केली तर हजार डॉलर परत मिळतात आणि नंबर जातो. ठेवली आणि या मॉडेल वर्षात गाडी बनली नाही, तर ऑर्डर पुढच्या वर्षात ढकलली जाते आणि किंमत नवी लागते. ती जुन्यापेक्षा कमी असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तिसरी वाट म्हणजे पलीकडच्या गावातल्या डीलरकडे तशीच एक गाडी तयार उभी आहे, पंखासकट. तिच्यावर पंधरा हजार डॉलर 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट' आहे. सांगलीत त्याला ऑन म्हणतात. १९५८ च्या कायद्याने इथे नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत चिकटवावी लागते. त्या किमतीला विकावी लागत नाही. पंधरा हजार देऊन रांग मोडणं मला जमलं असतं, पण मी वकिलांचा मेहुणा नाही.

मुलीचं मत : "बाबा, कॅन्सल कर आणि माझी फी भर." अण्णांना फोन केला. पंच्याऐंशी पार केलेला माणूस, ऐकू कमी येतं, पण प्रश्न लगेच समजला. "नंबर सोडायचा नसतो," म्हणाले. मग थोडं थांबून, "रंग कुठला येणार आहे?"

शेवटी सौ.ने डीलरचा ईमेल स्वतः वाचला. खालच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की अडलेला पर्याय काढून टाकल्यास ऑर्डर तात्काळ पुढे सरकेल.

"हा पंख करतो काय?" तिने विचारलं.

मी समजावलं, की गाडी फार वेगात असताना वारा तिला वर उचलू पाहतो, पंख तिला खाली दाबून धरतो. ट्रॅकवर ताशी दीडशे मैलांना त्याची खरी किंमत कळते.

"आपल्या हायवेला मर्यादा किती?"

"सत्तर. काही ठिकाणी पंचाहत्तर."

"आणि किराणा आणताना?"

मी उत्तर दिलं नाही. पंखाशिवाय ती गाडी पाठीमागून अगदी साधी दिसते, हे सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "तू आत बसणार आहेस की मागे उभा राहणार आहेस?"

ऑर्डर रद्द केलेली नाही. पंख काढला. तिसऱ्या दिवशी बांधणीचा आठवडा मिळाला : ऑक्टोबरचा शेवटचा. म्हणजे गाडी नोव्हेंबरच्या मध्याला दारात येईल, उन्हाळी टायरांवर, आणि थेट पांघरुणाखाली जाईल. पंखाच्या रांगेत मात्र माझी जागा रिकामी झाली आहे. वाचकांपैकी कुणाला हवी असल्यास डीलरला भेटावं. डिपॉझिट परत मिळतं.