आतली मंडळी

अण्णा कोणाच्याही घरी गेले की आधी संडासात डोकावतात. स्वतःच्या गरजेसाठी नव्हे, पाहणीसाठी. बाहेर येतात ते हातात एक बाटली घेऊन आणि तिच्यावरचा बारीक मजकूर मोठ्यांदा वाचत. "हायड्रोक्लोरिक ॲसिड! अरे, मंडळींच्या जिवावर उठलात की काय?"

मंडळी म्हणजे सेप्टिक टँकमधले जिवाणू. आळीत हे पोराटोरांना ठाऊक आहे. फजिती होते ती नवख्यांची. शेजारी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना अण्णांनी पोह्यांच्या बशा फिरता फिरता सांगितलं, "या घरातल्या आतल्या मंडळींना फिनेल अजिबात सोसत नाही हो. हवासुद्धा नको असते त्यांना. अंधारात बसून अखंड खात असतात." मुलाकडच्या बायकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे, म्हणजे मुलीच्या आईकडे, जी नजर टाकली ती मी जन्मात विसरणार नाही. लग्न जमलं, पण दुसरीकडे.

असा एक नमुना तुमच्याही ओळखीचा असेल. तुमचा कदाचित सोलरवाला असेल, नाहीतर गांडूळखतवाला. आमचा टाकीवाला. रत्नागिरीत आमच्या आळीला भुयारी गटार नाही; ज्याची त्याची टाकी, ज्याचा त्याचा शोषखड्डा. खाली जांभा, त्यात पाणी कुठून कुठे झिरपेल याचा नेम नाही, आणि दर दोन घरांआड विहीर. त्यामुळे अण्णांना विषयाची कमतरता कधीच पडली नाही. बँकेत कॅशियर होते. टाकीचा हिशेबही ते त्याच चालीवर मांडतात: रोजचा भरणा चालू आहे, गाळाची ठेव वाढते आहे, आणि तुम्ही दहा-दहा वर्षं पैसे काढायला येत नाही! मग खातं फुटेल नाहीतर काय होईल?

दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी, एवढंच त्यांचं मागणं. रास्त आहे. पण ते मागण्याची वेळ? बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना विचारतील, "टाकी शेवटची कधी उपसलीत?" दुधावरची साय बघून म्हणतील, "टाकीत वर अशीच धरते. खाली गाळ, वर साय, मधलं पाणी शोषखड्ड्याकडे. मंडळींना निवांत एक दिवस तरी मिळायला हवा." आमच्या घरात बासुंदी बंद झाली ती त्या दिवसापासून. वाईला गेलेला माणूस ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन येतो. अण्णा तिथलं मैला शुद्धीकरण केंद्र बघून आले. वाईत आणि सिन्नरमध्ये नगरपरिषद पाळी लावून, तीन वर्षांत प्रत्येक घराची टाकी उपसते, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो. आणि एका लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढली जात असताना, त्यांनी मला ऐकवलं की १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून वापरला होता. "मुंबईत! सव्वाशे वर्षांपूर्वी! मंडळींनी करून दाखवलं!" समोरचे गृहस्थ वरपक्षाचे होते. मंडळी म्हणजे आपणच असं समजून त्यांनी नम्रपणे हात जोडले.

माई, म्हणजे अण्णांची खरी मंडळी, यावर एकच वाक्य बोलतात: "माझं पथ्यपाणी इतकं कधी बघितलं नाही हो यांनी."

गेल्या गणपतीत आमच्याकडे माणसं विसाच्या वर होती, टाकी पाच माणसांच्या बेताची, आणि पाऊस आठवडाभर उघडलेला नव्हता. शोषखड्डा पाण्याने गच्च. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासातलं पाणी खाली जाण्याऐवजी वर यायला लागलं. टँकर दूर रस्त्यावर उभा, त्याचा पाइप पाखाडी उतरून परसापर्यंत पोचेना. तेव्हा ठेकेदाराने दोन पोरं पाठवली. हातात दोरी आणि बादली.

अण्णा छत्री घेऊन आले, ओटीवरची खुर्ची उचलली आणि टाकीच्या झाकणावर ठेवून तिच्यावर बसले. "आत कोणी उतरणार नाही."

"अहो, सवय असते त्यांना," पुण्याहून आलेले आमचे एक उच्चशिक्षित आप्त म्हणाले. ते सकाळपासून अडले होते.

"कसली सवय? मरायची?" अण्णांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "आतल्या वायूला वास असतो, पण तो जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ चा कायदा आहे. आणि कायदा नसता तरी मी इथून उठलो नसतो."

पुण्याचे आप्त कायद्यावर काहीतरी बोलू लागले, पण निसर्गाने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

अण्णा उठले नाहीत. पाऊस कोसळत होता. माईंनी चहा आणला; अण्णांनी आधी त्या दोघा पोरांना दिला आणि त्यांची नावं विचारली. मग त्यांना पोटभर मंडळीपुराण सांगितलं. आळीत इतकी वर्षं कोणी धड ऐकलं नव्हतं. ती दोघं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मधल्या वेळात आमचे वीस पाहुणे आळीभर वाटले गेले, घरटी दोन-तीन. दुसऱ्या गावाहून लांब पाइपाची गाडी आली ती दिवेलागणीला.

उपसा सुरू झाल्यावरही अण्णांचा पहारा चालूच. "सगळं नको ओढू रे, तळाशी थोडा गाळ ठेव. मंडळींना नव्याने सुरुवात करायला हवी." ड्रायव्हरने पाइप गुंडाळला आणि म्हणाला, "काका, मंडळी राहिलीत आत. निघू?"

"कुठे ओतणार हे?"

ड्रायव्हर छताच्या पन्हळीकडे बघायला लागला.

"चल, मी येतो," अण्णा म्हणाले, आणि धोतर सावरत केबिनमध्ये चढून बसले. टँकर पऱ्याच्या दिशेने वळणार होता तो उलट्या दिशेला वळला. इकडे आमच्या संडासापुढे पुण्याच्या आप्तांनी पहिला नंबर लावला होता.