हुरड्याचा हिशेब

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात सर्वतोमुखी असली, तरी जर्मनीच्या उत्तरेस वसलेल्या स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क या देशांची, म्हणजेच स्कँडिनेव्हियाची, तीत दखल घेतलेली नाही आणि त्यामुळे तुलनात्मक अभ्यासाचे फार मोठे नुकसान झाले आहे.

वस्तुतः दोन्ही मुलुख कोरड्या भाकरीवर पोसलेले आहेत. तिकडे राय नावाच्या धान्याची, महिनोन्‌महिने टिकणारी कडक चपटी भाकरी आणि इकडे ज्वारीची; फरक दिसतो तो पाहुणा दारात आल्यावर. मुलाचा मित्र खेळायला आलेला असताना घरची मंडळी जेवायला बसली, तर मित्राने खोलीतच थांबायचे, या स्वीडनमधील जुन्या रिवाजावर २०२२ साली जगभर चर्चा झाली. मित्राच्या घरी शिजलेले अन्न वाया जाऊ नये आणि त्याच्या आईबापांवर उपकाराचे ओझे पडू नये, असे या रिवाजाचे समर्थनही करण्यात आले.

परभणी जिल्ह्यात हे ओझे टाळण्याची नव्हे, तर चढवण्याची रीत आहे. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली, म्हणजे दाणा कोवळा पण भरलेला झाला, की शेतात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या त्या विस्तवात भाजलेले कणीस तळहातावर चोळून, फोलपटे फुंकून, गरम दाणे शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही यांच्यासह पाहुण्यापुढे ठेवले जातात. येथील कृषी विद्यापीठाने तर खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हे वाण काढले असल्यामुळे आग्रहाला शास्त्राचेही पाठबळ आहे. चोळणाऱ्याचे हात पोळतात, खाणाऱ्याचे पोट तडस लागेपर्यंत भरते आणि पाहुणा ‘पुरे’ म्हणाला, की आणखी दोन कणसे आगटीत जातात.

मात्र यावरून परभणीकर हिशेब ठेवत नाही, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. लग्नात कोणी किती आहेर केला, याची वही घरोघरी जपून ठेवलेली असते आणि परतीचा आहेर थोडा चढाच करायचा असल्याने कोणतेही खाते कधी मिटत नाही. स्वीडिश माणूस हिशेब त्याच संध्याकाळी चुकता करू पाहतो. परभणीत तो ‘मागील पानावरून पुढे’ चालू राहतो. त्यामुळे एखाद्या स्वीडिश पाहुण्याने आगटीजवळ आपल्या वाट्याचे पैसे देण्यासाठी पाकीट काढलेच, तर यजमान म्हणेल, “ठिवा ते आत, पाव्हणं, लेकीच्या लग्नाला या, म्हंजे झालं.” लेक अद्याप तिसरीत शिकत आहे, या तपशिलाने निमंत्रणात कोणतीही बाधा येत नाही.