वाटेत मेलेला करंट

हॉर्न दाबला की हेडलाईट मान टाकायचा. डिप्परवर ठेवला तरी मीटरमधला अप्परचा निळा ठिपका मिणमिणत राहायचा. आणि डावीकडे वळायचं म्हणून इंडिकेटर दिला, की पुढचे-मागचे, डावे-उजवे असे चारही दिवे एकदम लुकलुकायचे. मागून येणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं. एवढं सगळं होत असूनही मी कराडभर ताठ मानेने फिरत होतो, कारण आमच्या गल्लीत सर्वांत पांढरा उजेड माझ्या गाडीचा होता.

घरात कारण सांगितलं होतं सुरक्षेचं. सासुरवाडी पाटणच्या पुढे. परतायला रात्र होते आणि उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. शेवटच्या ट्रॉलीला लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला. हे कारण खोटं नव्हतं, फक्त नंतर सुचलेलं होतं. झालं होतं असं, की एका रात्री मी आपला पिवळसर उजेड पुढे टाकत निघालो असताना शेजारचा कॉलेजकुमार नवी गाडी घेऊन मागून आला आणि त्याच्या झोतात माझा उजेड दिसेनासाच झाला. रस्त्यावर उरली फक्त माझी सावली, हेल्मेटसकट. स्वतःच्या हेडलाईटपुढे स्वतःचीच सावली पडावी, आणि तीही दुसऱ्याच्या कृपेने, हे मला झेपलं नाही.

गाडीत साधा एच-फोर बल्ब होता : अप्परला ६० वॉट, डिप्परला ५५. दुकानदाराने खालच्या आवाजात १००/९० काढून दिला. मी तिथेच मनात भागाकार केला. बारा व्होल्टला ५५ वॉट म्हणजे साडेचार अँपिअरच्या जरा वर, ९० म्हणजे साडेसात. भागाकार बरोबर आल्याचा आनंद इतका झाला, की हे साडेसात अँपिअर हँडलवरच्या चिमुकल्या बटनातून आणि शेवईएवढ्या वायरीतून जाणार आहेत, हा विचार मी दुकानदारावर सोपवला आणि त्याने तो माझ्यावर. बल्बमागचा प्लास्टिकचा होल्डर आधी पिवळा झाला, मग तपकिरी, आणि शेवटी बल्बला चिकटला. तो निळा ठिपका याच दिवसांत मिणमिणायला लागला. मी तो गाडीचा स्वभाव समजलो.

मग एलईडी आला. वीज कमी, उजेड जास्त, त्यात खोटं काही नाही. नवा होल्डर बसवला आणि त्याच उत्साहात इंडिकेटरही एलईडीचे केले. आता इंडिकेटरच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाईटही डोळा मारू लागला. चौकात एकाने विचारलं, "हॅझार्ड लाईट बसवलीत का?" मी म्हटलं, "हो."

पूर्वी दिवसा दिवा चालू राहिला तर समोरून येणारा अनोळखी माणूस पंजाची उघडझाप करून सांगायचा. त्याला ना आपलं नाव माहीत, ना गाव, पण आपली बॅटरी उतरू नये असं त्याला वाटायचं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचे दिवे इंजिनाबरोबर आपोआप लागायला लागले आणि ती खूण रस्त्यावरून हळूहळू गेली. माझी गाडी त्याआधीची, दिव्याला बटन असलेली. एलईडी बसवल्यावर मी भर दुपारी तो मुद्दाम लावून फिरलो. कोणीही पंजा दाखवला नाही.

बिघाड शोधायचा तर मोजायला हवं, म्हणून मल्टिमीटर आणला. इथे मी थोडा रेंगाळणार आहे. घाई असेल त्यांनी थेट बैलगाडीपाशी भेटावं.

मल्टिमीटर हातात आलेल्या माणसाचं घरात लक्ष राहत नाही, त्याला सगळीकडे दोन टोकं दिसतात. गाडीची बॅटरी मोजली : १२.६, तब्येत ठणठणीत. मग इन्व्हर्टरची. मग रिमोटचे सेल, टॉर्चचे सेल, शेजारच्या काकूंच्या वजनकाट्याचा चपटा सेल. रिमोटने टाकलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात महिनोन्‌महिने चालतो, कारण घड्याळाला वीज अगदीच थोडी लागते, हे ज्ञान मी जेवताना वाटू लागलो. "आधी आमटीचे व्होल्ट बघा," बायको म्हणाली, "आणि मग जेवा."

खरी गाठ पडली ती आईच्या सेलशी. आई ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी सांगली ऐकते आणि सेल उतरले की गच्चीच्या कठड्यावर, पापडांच्या शेजारी, उन्हात वाळत घालते. ही अंधश्रद्धा आकड्यांनिशी मोडून काढायची असं मी ठरवलं. सकाळी सेल मोजले : १.३. संध्याकाळी तापलेले सेल मोजले : किंचित वर! विश्रांतीने आणि उष्णतेने आतल्या रासायनिक क्रियेला तात्पुरती हुशारी येते, असं मी तिला समजावू लागलो. म्हणजे तिचंच म्हणणं तिला अवघड करून सांगू लागलो. ती म्हणाली, "मीटरला काय दाखवतोस? रेडिओत घाल आणि गातोय का बघ." घातले. दोन भक्तिगीतं झाली आणि निवेदिकेचा आवाज विहिरीत गेला. सेल काढून थोड्या वेळाने पुन्हा मोजले, तर परत १.३ च्या आसपास.

"मीटरच्या मते हे जिवंत आहेत," मी म्हणालो.

"मग मीटरलाच गायला सांग."

मी आणलेले नवे सेल तिच्या कपाटात वेष्टनासकट ठेवलेले आहेत. लागतील तेव्हा असावेत म्हणून. मीच चिडून म्हटलं, अगं, हेच ते लागणं. ती म्हणाली, "अजून ऊन आहे." ऐंशी ओलांडलेल्या बाईशी यावर काय वाद घालणार? आमच्या शाळेच्या फिया, बहिणीचं लग्न, घराचा पत्रा, सगळं तिने याच हिशेबाने निभावलेलं आहे.

मी मात्र त्याच रुबाबात गाडीपाशी गेलो, होल्डरमधून बल्ब उपसला, मोकळ्या पिनांना मीटर टोचला, १२.६ वाचले आणि वायरिंगला निर्दोष जाहीर केलं.

त्यानंतरच्याच एका रात्री पाटणहून येताना वळणावर समोर बैलगाडी आली, उसाने भरलेली. बैल जागीच थांबले. त्यांचे डोळे हिरवट चमकले आणि जुवावरचा माणूस आडवा हात डोळ्यांवर घेऊन ओरडला, "ओ पावनं, लाईट बारीक करा की! जनावरास्नी दिसंना झालंय!" मी डिप्पर दिला. काही फरक पडला नाही. साध्या बल्बात डिप्परच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते, आणि मागचा आरसा त्या तारेची जागा धरूनच घडवलेला असतो. माझ्या एलईडीचे ठिपके त्या जागेवर नव्हते. त्यामुळे बैलांचे डोळे, चिंचेचा शेंडा, पलीकडच्या घराची कौलं असं सगळं लख्ख, आणि रस्ता तेवढा बेताचा. शेवटी दिवा बंद करून कडेला उभा राहिलो. गाडी कुरकुरत शेजारून गेली. मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. याच गाडीसाठी उजेड विकत घेतोय, असं मी घरात सांगितलेलं होतं.

हल्ली रात्री हे सगळीकडेच झालंय. समोरच्याने आपल्याला आंधळं केलं की आपण दुकानात जातो, मग आपण त्याला करतो, मग तो जातो. या व्यवहारात कारखान्याची पाळी सुटून रस्त्याच्या कडेने चालत घरी निघालेला माणूस कोणालाच दिसत नाही. त्याने कुठल्या दुकानात जायचं? मला याचा राग येतो, आणि तो ज्यांच्यावर काढायचा त्या रांगेत मी बराच पुढे उभा होतो.

स्टँडमागच्या वायरमन अण्णांकडे गेलो तो मीटर आणि एक सिद्धांत घेऊनच. हॉर्न, निळा ठिपका आणि चार इंडिकेटर या सगळ्यांचं मूळ एकच, ते म्हणजे चार्जिंग, असं मी त्यांना सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. त्यांच्याकडे मीटर नव्हताच. टेललाईटचा एक बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला चिमटा, एवढ्यावर त्यांचं दुकान चालतं.

"सर, बल्ब काढून मोजलं तर पुरंच दावणार की. दिवा लावून मोजा. वजा पडल्याबिगर वायरीचं खरं कळतंय व्हय?"

जुना ६०/५५ बसवला, इंजिन चालू केलं, डिप्पर लावला. बॅटरीवर १३.८. बल्बच्या पिनांवर ११.२.

"मधले अडीच व्होल्ट गेले कुठं?"

"वाटंत मेले. बटनात थोडं, कपलरात थोडं, आन्‌ बाकी हितं." हेडलाईटच्या मागे अर्थिंगची चकती होती, रंगावरच आवळलेली. तिथून परतायला वाट नसल्यामुळे थोडा करंट अप्परच्या तारेतून निळ्या दिव्याकडे पळत होता. हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या मानाने फार वेगाने पडतो. एवढ्याशा घसरणीत तो जवळपास निम्मा होतो. आणि बल्ब जितका मोठा, तितकी वाटेतली गळती जास्त. पॉलिश पेपरने रंग खरवडून अण्णांनी रिले बसवला : तीस नंबरच्या पिनवर बॅटरीची जाड वायर, मध्ये फ्यूज, सत्त्याऐंशीवरून बल्ब. बटनाकडे आता फक्त रिलेला उठवायचं काम.

इंडिकेटर हा निराळाच आजार निघाला. डाव्या-उजव्याला मिळून मीटरमध्ये एकच पायलट दिवा, दोन्हीकडच्या वायरींच्या मध्ये जोडलेला. त्यातून पलीकडे झिरपणाऱ्या करंटवर जुने बल्ब पेटत नसत, एलईडीला मात्र तेवढा पुरतो. बोटाच्या पेराएवढे दोन डायोड बसले आणि चौघे पुन्हा दोन-दोन झाले. माझ्या सिद्धांताचं काय, असं अण्णांनी विचारलं नाही.

संध्याकाळी समोरच्या भिंतीवर डिप्पर मारून बघितला. वर अंधार, खाली स्वच्छ उजेड, मध्ये आडवी रेघ.

"कुठला बल्ब टाकलात हो?" मी विचारलं.

"तुमचाच की जुना."

एलईडी मेहुण्याने नेला. डोंगराच्या कडेला त्याचा ऊस आहे आणि रात्री रानडुकरं येतात, म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर त्याने तो बांधावर लावला. परवा त्याचा फोन आला. "दाजी, डुकरं येत्यातच. पण आता त्यांना चाचपडाय लागत नाही, भरलेला ऊस तेवढा निवडून खात्यात."